तीन मुलं, तीन इयत्ता आणि एकटी आई

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही तळेगावला राहतो. मोठा मुलगा बारा वर्षांचा आहे म्हणजे सातवीच्या वयाचा, मधली मुलगी नऊची, चौथीची धरा, आणि धाकटा साडेचार वर्षांचा. लॉकडाऊनमध्ये मोठ्याला घरी शिकवायला लागलो ते मग चालूच राहिलं, मधली तर शाळेत गेलीच नाही. शिकवते मी एकटी, मिस्टर सकाळी चाकणला कंपनीत जातात ते रात्री जेवायलाच येतात. सासूबाई आहेत पण त्यांचे गुडघे दुखतात. मी प्रत्येकाचं वेगळं टाइमटेबल करून फ्रिजवर लावलंय, मोठ्याचे सहा विषय, मधलीचे पाच, रोज सगळे विषय झाले पाहिजेत असं ठरवलंय पण होत काहीच नाही. मोठ्याला अपूर्णांक समजावायला बसलं की धाकटा वही ओढतो, त्याला गप्प करेपर्यंत मधली उठून टीव्हीपाशी जाते, आणि दुपारी दोनपर्यंत घसा बसलेला असतो आणि स्वयंपाक राहिलेला असतो. शेजारच्या बायका म्हणतात घाला की शाळेत. मला घालायचं नाहीये. पण रोज रडकुंडीला येते. काय करू?
— एक आई, तळेगाव दाभाडे

उत्तर : अगं, आधी ते फ्रिजवरचे कागद काढ. खरंच काढ. तू तीन मुलांना शिकवत नाहीयेस, तू एका घरात तीन शाळा चालवतेयस आणि तिन्ही शाळांची हेडमास्तरीण, शिपाई आणि पोषण आहारवाली तूच. हे कुणालाच जमणार नाही.

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत होते, पहिली ते चौथी, दोन खोल्या दोन मास्तर, आणि दुसरे गुरुजी मीटिंगला गेले की चारही वर्ग माझ्याकडे. महाराष्ट्रात अशा शाळा डोंगरकपारीत अजून ढिगाने आहेत आणि तिथले शिक्षक रोज हेच करतात जे तुला करायचंय, त्याला खात्यात बहुवर्ग अध्यापन असं भारदस्त नाव आहे. त्यातली पहिली गोष्ट काय शिकतो माणूस, तर सगळे विषय सारखे नसतात. काही विषय जिन्यासारखे असतात, खालची पायरी चढल्याशिवाय वरची नाही, गणित तसं आहे, सुरुवातीचं वाचन तसं आहे, इंग्रजीचं व्याकरण बऱ्यापैकी तसं आहे. हे प्रत्येकाला वेगळंच शिकवावं लागतं, इथे शॉर्टकट नाही. पण इतिहास, भूगोल, विज्ञान, परिसर अभ्यास, गोष्टी, कविता, चित्रकला हे सगळं एकत्र बसून होतं, फक्त प्रत्येकाकडून मागायचं काम वेगळं. तुझे अकरा विषय आहेत ना कागदावर, ते मोजून बघ, खरे वेगळे करायचे चार-पाचच निघतील.

आणि तासांचं म्हणशील तर शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास सांगितलेत, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. म्हणजे चौथीच्या मुलीला दिवसाला चार तास, तेही तीस पोरांच्या वर्गात, हजेरी, रांगा, "बाई ह्याने माझी पेन्सिल घेतली" हे सगळं धरून. तू समोर एकटं पोरगं घेऊन बसतेस तेव्हा पंचवीस मिनिटांत गणिताचा जो भाग होतो तो वर्गात दोन तासिकांत होत नाही. सकाळी तीन तास नीट झाले तर खूप झालं, दुपारनंतर मोठ्याने एकट्याने वाचावं आणि बाकीच्यांनी हुंदडावं. दोनपर्यंत घसा बसवायची काही गरज नाही.

आता सकाळ कशी लावायची ते सांगते. सगळ्यात आधी धाकटा. सगळ्या आया उलटं करतात, मोठ्याचा अभ्यास महत्त्वाचा म्हणून त्याला आधी घेतात आणि धाकट्याला "थांब हं" म्हणत राहतात, आणि साडेचार वर्षांचं पोर थांबत नसतं, ते वही ओढतं कारण त्याला वही नको असते आई हवी असते. सकाळची पहिली वीस मिनिटं पूर्ण त्याची, मांडीवर घेऊन गोष्ट, चार अक्षरं पाटीवर, बडबडगीत, मोबाइल दुसऱ्या खोलीत. तेवढ्यावर तो पुढे तासभर काढतो, रोज नाही काढणार, पण बऱ्याच दिवशी काढेल. आणि त्याच्यासाठी एक गाठोडं कर जे फक्त तुम्ही अभ्यासाला बसलात की निघतं आणि अभ्यास संपला की बांधलं जातं. त्यात कणकेचा गोळा आणि छोटं लाटणं, वेगवेगळ्या बाटल्या आणि त्यांची झाकणं, जुन्या लग्नपत्रिका आणि बोथट कात्री, परातीत पाणी आणि एक गाळणं. चिंचोके, राजमा वगैरे देऊ नको, हे नाकात घालायचं वय असतं. गाठोडं दिवसभर उघडं ठेवलंस तर तिसऱ्या दिवशी त्याला कुणी विचारणार नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात पण तोंड दुखत नाही ना? मग बसल्याबसल्या परातीतल्या पाण्याकडे लक्ष ठेवणं आणि गोष्टी सांगणं हे खातं त्यांचं.

जाता जाता सांगते, ह्या धाकट्याच्या अडचणीवर आपल्याकडे फार पूर्वी विचार झालाय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कोसबाडच्या वारली पाड्यांवर काम करायच्या तेव्हा मोठ्या मुली शाळेत यायच्याच नाहीत कारण घरी धाकटी भावंडं सांभाळायची असायची, तर ह्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली, म्हणाल्या, धाकट्याला घेऊनच या. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर शाळाच कुरणावर नेली. धाकट्याला दुसऱ्या खोलीत कोंडून मोठ्यांना शिकवायचा खटाटोप करू नको, त्याला त्याच सतरंजीवर जागा दे.

धाकट्यानंतर मधलीचं गणित. त्या वेळात मोठा काय करतो? तर आदल्या रात्री फळ्यावर लिहिलेलं काम. आमच्या वर्गात फळ्याचे खडूने तीन-चार भाग केलेले असायचे, पोरं आली की आपापला भाग बघून कामाला लागायची, "बाई मी काय करू" विचारायची सोयच नव्हती. तू एक फळा आण, रात्री जेवणं झाली की दहा मिनिटं दे, मोठ्याच्या भागात लिही, पान अमुक, उदाहरणं अमुक, मग शुद्धलेखन, मग धडा वाचून पाच प्रश्न *तूच* काढ. हे शेवटचं काम फार वेळ खातं आणि तपासायला दोन मिनिटं लागतात, मला भयंकर आवडायचं. आणि त्याला एक अडलेल्याची वही दे. मध्येच "आई हे येत नाहीये" म्हणून हाक मारायची नाही, आधी पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण परत वाचायचं, तरी नाही आलं तर वहीत त्या उदाहरणाचा नंबर लिहायचा आणि पुढे जायचं. त्याची पाळी आली की तू पुस्तक उघडायचंच नाहीस, ती वही उघडायची. त्याला जे येतं ते शिकवण्यात तुझा वेळ जाणार नाही. बाराव्या वर्षी हे जमायला हवं, पहिले पंधरा दिवस कुरकुर करेल, करू दे.

मग पाळी बदल. मोठा तुझ्यासमोर अपूर्णांक घेऊन, आणि मधली धाकट्याला मोठ्याने वाचून दाखवतेय. ह्यात तिचं वाचन होतं, त्याचं ऐकणं होतं. पण पंधरा मिनिटंच हं, ह्याच्यापुढे ताणू नको. मोठ्या पोरांना मास्तर करून टाकायची फार सवय असते आपल्याला, "ताईला विचार, दादा शिकवेल" करत करत त्यांचंच शिकणं राहून जातं, आणि मग धाकट्यांचा राग यायला लागतो त्यांना.

शेवटचा तासभर सगळे एकत्र, आणि खरी मजा इथे आहे. तुमच्याकडे तर योग फार चांगला जुळलाय. चौथीला परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात शिवाजी महाराज येतात आणि सातवीच्या इतिहासातही मराठेशाही आहे, म्हणजे मोठ्याची आणि मधलीची पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून एकच धडा चालतो. ही पुस्तकं बालभारतीच्या साइटवरून पीडीएफ फुकट उतरवता येतात. अभ्यासक्रम आता पहिलीपासून टप्प्याटप्प्याने बदलतोय, त्यामुळे हाताशी जुनी प्रत असेल तर रद्दीत घालू नको. आणि तळेगावात राहून लोहगड पुस्तकातून शिकवायचा म्हणजे गुन्हा आहे. मळवलीपर्यंत लोकल आहे, एक रविवार मिस्टरांना घेऊन जा. मधलीने दरवाजे मोजायचे, नावं लिहायची, विंचूकाट्याचं, म्हणजे गडाच्या त्या लांब निमुळत्या सोंडेचं, चित्र काढायचं. मोठ्याने शोधायचं की १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले द्यावे लागले त्यात लोहगड होता तो परत कधी मिळाला, आणि २०२५ साली युनेस्कोच्या यादीत जे १२ किल्ले गेले ते नकाशावर दाखवायचे, अकरा आपल्याकडे सापडतील, बारावा तमिळनाडूत जिंजी, मग तो तिकडे कसा हा प्रश्न त्याला आपोआप पडेल आणि राजाराम महाराजांपाशी पोचेल. धाकट्याने फक्त चढायचं आणि चिखल करायचा. धडा एक, काम तीन.

दुसरं एक सांगते, पाऊस सुरू झालाय तर पर्जन्यमापक करा. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवा, झालं नरसाळं. बाटली सरळ बाजूंची हवी, कमरेत बारीक असलेली नको, आणि बुडाला खळगे असतात म्हणून आत थोडे खडे टाकून जिथून बाटली सरळ होते तिथवर पाणी भरा, तिथे शून्याची रेघ, वर पट्टी चिकटवा. रोज सकाळी त्याच वेळेला बघायचं आणि परत शून्यापर्यंत रिकामं करायचं. धाकटा सांगेल कालपेक्षा जास्त की कमी. मधली मिलिमीटर वाचेल आणि कॅलेंडरवर लिहील, दशांश चिन्हाची ओळख तिथेच होते. मोठ्याला आठवड्याची सरासरी आणि आलेख, आणि एक भारी गोष्ट, १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. तुमची गच्ची ३० चौरस मीटर असेल आणि २० मिलिमीटर पडला तर ६०० लिटर पाणी गटारात गेलं, हे त्याने स्वतः काढलं की सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभा राहून भांडेल बघ. गच्ची स्क्वेअर फुटात माहीत असेल तर चौरस मीटर करणं हा अजून एक दिवसाचा अभ्यास.

रोज सगळे विषय नकोतच. वाचन आणि गणित रोज, बाकी एक दिवस इतिहास, एक दिवस विज्ञान असं फिरतं ठेव. आणि ज्या दिवशी कुणाला ताप आहे, पाहुणे आलेत, गॅस संपलाय त्या दिवशी फक्त गणित आणि गोष्ट, आणि सुट्टी. शेजारणींना सांग शाळेलाही पावसाची सुट्टी मिळते.

प्रश्न : ताई, आमची दोन मुलं, मुलगा अकराचा, मुलगी साडेआठची, दोघं घरीच शिकतात, मी आणि बायको दोघं वर्क फ्रॉम होम आहोत त्यामुळे वाटून घेतो. प्रॉब्लेम असा आहे की मी मुलाला तोंडी प्रश्न विचारतो आणि उत्तर मुलगी देते. पाढे, भागाकार, अगदी त्याच्या पुस्तकातले प्रश्न पण. तिचा दोष नाही, ऐकून ऐकून येतं तिला. पण हल्ली तो "मला येतच नाही" म्हणून पुस्तक मिटतो. काय करावं?
— एक बाबा, ठाणे

उत्तर : तोंडी विचारणं बंद करा, निदान ती ऐकत असताना. सतरंजीवर एकत्र शिकवायचे विषय मी वर भरपूर सांगितले पण गणित त्यात बसत नाही, आणि तुमच्याकडे तर अजिबातच नाही. तुम्ही दोघं आहात ही केवढी चैन आहे, एकाने मुलीला घेऊन हॉलमध्ये बसा, दुसऱ्याने मुलाला घेऊन बेडरूममध्ये, दार लावून. ते नसेल जमत तर उत्तर पाटीवर लिहून उलटं दाखवायचं, बोलायचं नाही, दोघांनाही तोच नियम. आणि मुलीला गप्प बस म्हणून ओरडू नका हो, तिला तिच्या पुढचं द्या, ती कंटाळलीय म्हणून दुसऱ्याच्या ताटातलं खातेय.

मुलाचं मात्र जरा बारकाईने बघा. उत्तर माहीत असून तिच्या घाईमुळे राहतं, की एकटा असतानाही पाढे टिकत नाहीत, अंक उलटे लिहितो, वाचताना ओळ सुटते, तोंडी छान सांगतो पण लिहायला गेला की गोंधळ? दुसरं असेल तर ते बहिणीमुळे नाहीये. तपासणी करून घ्या, ठाण्याहून लांब नाही, सायनच्या महापालिका रुग्णालयात लर्निंग डिसॅबिलिटीचं क्लिनिक आहे, तिथे नंबर लागायला वेळ लागतो म्हणून आत्ताच चौकशी करा. तसं काही निघालं तर पुढे बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ वगैरे सवलती मिळतात, त्यासाठी सर्टिफिकेट लागतंच. शाळेत असता तर एखाद्या बाईंनी हे कधीतरी बोलून दाखवलं असतं, घरी ते आपल्यालाच बघावं लागतं.

आणि त्याला असं काहीतरी असू द्या ज्यात ती नाही. तबला, पोहणं, सायकल दुरुस्ती, काहीही. ती मागे लागली तरी तिला वर्षभर तिथे घालायचं नाही.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर आहे, सोलापूरला मुलाकडे राहतो. सूनबाई दोन्ही नातवंडांना (नात ९, नातू ४) घरीच शिकवतात. मला मदत करायची इच्छा आहे परंतु माझं शिक्षण जुन्या अकरावीपर्यंत, आणि मी मध्ये बोललो की सूनबाईंना आवडत नाही असं वाटतं. मी काय करावं?
— एक आजोबा

उत्तर : आजोबा, कंडक्टर माणसाने शिक्षण कमी म्हणू नये. हलत्या गाडीत, पन्नास माणसांत, सुट्टे नसताना तोंडी हिशोब आणि शेवटी वेबिल जुळवायचं, हे मला आजही जमणार नाही. नातीचं तोंडी गणित तुम्ही मागून घ्या. सूनबाईंना सांगा, "दुपारी चार ते साडेचार गणित माझ्याकडे, तेवढा वेळ तू चहा घे." एक विषय, एक वेळ, पूर्ण तुमचा. मध्ये बोलण्यापेक्षा हे कुठल्याही सुनेला आवडेल.

आणि तुमच्या जुन्या धंद्यासारखं गणित पुस्तकात नाही. नातीला असं घाला, सोलापूरहून एक कुटुंब निघालं, आजोबा ७६ वर्षांचे, आजी ६८ च्या, आई, बाबा, मुलगी नऊची आणि मुलगा चारचा, पूर्ण तिकीट १८० रुपये, किती पैसे घ्यायचे? पंचाहत्तरीच्या पुढे मोफत, आजीचं अर्धं, महिलांना अर्धं म्हणून आईचंही अर्धं, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं, चारच्याला नाहीच. म्हणजे बाबांचं एक पूर्ण आणि तीन अर्धी, अडीच तिकिटं, ४५० रुपये, आणि त्यांनी पाचशेची नोट दिली. मग पुढच्या थांब्यावर दुसरं कुटुंब चढवा. नातवाच्या हातात जुना तिकिटांचा पंच असेल तर द्या, रंगीत कागदाला भोकं पाडत बसेल आणि तीस, चाळीस भोकं मोजेल. पाढे विचारायचे तर फिरायला जाताना विचारा, समोर बसवून छडी हातात घेतल्यासारखे नकोत.

फक्त एक, सूनबाई शिकवत असताना त्यांची चूक दिसली तरी पोरांसमोर दुरुस्त करू नका. रात्री सांगा, तेही मुलाला नाही, त्यांनाच.

प्रश्न : घरी शिकणाऱ्या मुलांनी दहावी कशी द्यायची? माझी तीन आहेत, सगळ्यांची एकदम चिंता लागलीय. आणि हे कायद्यात बसतं का?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : एकदम चिंता नका करू, थोरल्याची करा, बाकीच्यांना तोच रस्ता तयार मिळेल. कायद्याचं थोडक्यात, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय पण न घातल्यास पालकाला शिक्षा सांगितलेली नाही, आणि होमस्कूलिंग असा शब्दच त्यात नाही. म्हणून इथे हजारो घरं ना धड आत ना धड बाहेर अशी चाललीत. परत शाळेत घालावंसं वाटलं तर कलम ४ प्रमाणे वयाला धरून वर्ग मिळायला हवा, हे लक्षात असू द्या.

दहावीला मुख्य रस्ते तीन. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, त्याचं विभागीय केंद्र पुण्याला आहे. वय १४ पूर्ण लागतं, पाच विषय, मराठी माध्यम घेता येतं, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि एकदा नोंदणी केली की पाच वर्षं चालते, म्हणजे दोन विषय आत्ता तीन नंतर असंही करता येतं. घरी तीन मुलांचं बघणाऱ्या आईला हे फार सोयीचं. दुसरा आपल्या राज्याचा मुक्त विद्यालयाचा, तिथे पाचवी आणि आठवीच्याही परीक्षा आहेत, कधीच शाळेत न गेलेल्या मुलाकडे निदान एक सरकारी कागद होतो आणि परीक्षेची भीतीही मोडते. तिसरा १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी बाहेरून. तिथे शाळा सोडल्याचा दाखला मागतात, त्यामुळे तुमच्या ज्या मुलाने थोडीफार शाळा केलीय त्याचा दाखला आत्ताच काढून ठेवा, शाळा बंद पडते, विलीन होते, रजिस्टरं हलतात, मग हेलपाटे.

प्रत्येक मुलाची वेगळी फाइल करा. जन्मदाखला, आधार, असेल तो दाखला, आणि वर्षाला तिन्ही-चारी विषयांची एकेक भरलेली वही. जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का ते आजच बघा, वडिलांच्या नावासकट, नसेल तर दुरुस्ती दहावीच्या वर्षावर ढकलू नका. फॉर्मच्या तारखा दरवर्षी थोड्या हलतात, त्या मंडळाच्या साइटवरच बघायच्या, व्हॉट्सअॅपवर आलेल्या धरायच्या नाहीत. आणि मूळ दाखला लॅमिनेट करू नका, बऱ्याच ठिकाणी मागच्या बाजूला शिक्का मारायचा असतो आणि प्लॅस्टिकवर तो बसत नाही.